नेव्हा टॅकेटची तीन मिनिटं

नेव्हा टॅकेटने तेवीस वर्षांत शाळा-मंडळाच्या फक्त तीन बैठका चुकवल्या होत्या. एक आई वारली तेव्हा, एक पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा, आणि एक बर्फाच्या वादळात विजेच्या तारा तुटून पडल्या तेव्हा. तिसरी तर मंडळानेच रद्द केली होती, त्यामुळे ती मोजायचीच नाही, असं नेव्हाचं म्हणणं.

पायनी फोर्क गावच्या शाळेची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, संध्याकाळी सहाला, मुलांच्या जेवणाच्या हॉलमध्ये भरे. मंडळाचे पाच सभासद लांब टेबलामागे, आणि गावकरी मुलांच्या बुटक्या बाकांवर, गुडघे वर काढून. ज्याला काही बोलायचं असेल त्याने साडेपाचच्या आत पिवळं कार्ड भरून वांडाकडे द्यायचं. वांडा मंडळाची चिटणीस. तिच्यापुढे केक भाजताना लावतात तसलं घड्याळ असे. तीन मिनिटं झाली की ते कर्कश्श वाजायचं, आणि बोलणाऱ्याने उरलेलं वाक्य तोंडात ठेवून खाली बसायचं, मग तो बँकेचा मॅनेजर असो की पाद्री. आपली मिनिटं दुसऱ्या कुणाला द्यायची असतील तर कार्डाच्या मागे त्याचं नाव लिहायची सोय होती. नवरे बायकोच्या नावावर करत, शेजारी शेजाऱ्याच्या. नेव्हाने आपली मिनिटं कधी कुणाला दिली नव्हती. कुणी मागितलीही नव्हती.

ती उभी राहिली की मागच्या बाकांवरून कुणीतरी हमखास म्हणे, "आली नेव्हा. कॉफी ठेवा रे."

नेव्हाला ते ऐकू येई. ती चष्मा नाकावर नीट बसवी आणि हाताने लिहिलेला कागद वाचू लागे. तिचं म्हणणं तेवीस वर्षांत बदललं नव्हतं. "मुलांना आधी अक्षरांचे आवाज शिकवा. आवाजाला आवाज जोडून शब्द वाचू द्या. चित्राकडे बघून अंदाज बांधायला शिकवू नका. तिसरीच्या मुलाला वाचता येत नसेल तर त्याला चौथीत ढकलू नका. तुम्ही त्याला माया म्हणता, मी त्याला अंगचोरपणा म्हणते. आणि नवी पुस्तकं घ्यायच्या आधी आठवडाभर टेबलावर मांडून ठेवा, आईबापांना चाळू द्या. मुलं आमची आहेत. आम्ही ती दिवसभरापुरती तुमच्या हवाली करतो, कायमची नाही."

हे खूळ तिच्या डोक्यात आभाळातून पडलं नव्हतं. तिची एकुलती एक लेक डीना दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. पोरगी घोड्यांच्या गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचून दाखवायची आणि नेव्हा कपड्यांना इस्त्री करत ऐकायची. एक दिवस पुस्तकात शिंगरू छापलेलं असताना डीनाने घोडा वाचला. नेव्हाने इस्त्री उभी केली, जवळ आली आणि चित्रावर तळहात ठेवून म्हणाली, "आता वाच." पोरगी गप्प. डोळे पानावर, ओठ हलेनात. मग टपटप पाणी. शाळेतल्या बाई हसून म्हणाल्या, "येईल हो आपोआप. आधी गोडी लागू द्या." नेव्हाने आईच्या वेळचं पहिलीचं पुस्तक पेटीतून काढलं आणि तो सगळा हिवाळा, शाळा सुटली की अर्धा तास, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकेक आवाज घोटून घेतला. मार्चपर्यंत डीना वाचायला लागली. आता ती फेटव्हिलला नर्स आहे.

पण डीनाच्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय? रविवारच्या बायबल-वर्गात नेव्हा ते बघायची. वचन वाचायची पाळी आली की बारा-तेरा वर्षांची धडधाकट मुलं पुस्तक हळूच शेजाऱ्याकडे सरकवायची. ज्याला देवाचं वचन स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येत नाही त्याने जन्मभर ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, आणि तोंडं काय, कसलीही असतात. हे नेव्हाला सोसवत नसे. म्हणून ती दर दुसऱ्या सोमवारी जायची.

"मंडळाने आता तुला पेन्शन द्यायला हवी," तिचा नवरा डेल म्हणायचा. "तेवीस वर्षं नोकरी झाली."

"तू भांडी पूस," नेव्हा म्हणायची.

मग कारिसा व्हिटन आली.

कारिसा तेहतीस वर्षांची, लिटल रॉकहून, राज्याच्या राजधानीतून आलेली. नवरा वीज कंपनीत, पदरी चार लेकरं. चारही मुलांना ती घरीच शिकवायची. नेव्हाच्याच चर्चमध्ये येऊ लागली, आणि तिथल्या पहिल्याच बुधवारच्या सामुदायिक जेवणाला हातात ताटली घेऊन नेव्हाशेजारी येऊन बसली. मान द्यायचा म्हणजे इकडे लग्न झालेल्या, नातवंडं झालेल्या बाईलाही मिस म्हणतात. कारिसा म्हणाली, "मिस नेव्हा, तुम्ही शाळेसाठी भांडता असं ऐकलं. मला सगळं ऐकायचंय."

तेवीस वर्षांत नेव्हाला असं कुणी म्हटलं नव्हतं. ती लोण्यासारखी विरघळली.

पुढे दर गुरुवारी कारिसा यायची. मुलं मागच्या अंगणात, आणि या दोघी टेबलाशी. नेव्हा ओव्हनमध्ये पीचची पेस्ट्री भाजायची, कारिसा वहीत उतरवून घ्यायची. एकदा बोलता बोलता कारिसा रडली. तिचा थोरला तिकडच्या शाळेत तिसरीपर्यंत गेला होता, दरवर्षी पास, आणि त्याला दुकानावरची पाटी वाचता येत नव्हती. वर्गातली मुलं हसायची. म्हणून तिने त्याला काढलं, आणि मग बाकीच्यांना घातलंच नाही. "हे मी कुणाला सांगत नाही," ती म्हणाली. "त्याला आवडत नाही." नेव्हाने तिचे हात धरले आणि दोघींनी तिथेच प्रार्थना केली. डीना लांब गेल्यापासून त्या टेबलाशी इतकं कुणी बसलं नव्हतं.

ऑगस्टच्या बैठकीला वांडाने कार्डं पुकारली, तेव्हा नेव्हाच्या आधी कारिसाचं नाव आलं. नेव्हाला ठाऊकच नव्हतं.

कारिसा हातात कागद न घेता माइकपाशी गेली. निळा झगा, केस मागे बांधलेले. आवाज असा की पंखे बंद पडल्यासारखं वाटावं. ती म्हणाली, "माझ्या ओळखीची एक आई आहे. तिची मुलगी पुस्तक घडाघडा वाचायची. एक दिवस त्या आईने चित्रावर हात ठेवला."

ती नेव्हाची इस्त्री होती, नेव्हाचा हात होता, तिच्या पोरीचे डोळे होते. कारिसाने सगळं सांगितलं, आवाज, तिसरी, पुस्तकांचं टेबल, आणि घड्याळ वाजायच्या आत नीट संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरची एक बाई डोळे पुसत होती.

मग नेव्हाची पाळी. तिने चष्मा बसवला आणि कागद वाचला. तोच मजकूर, तीच वाक्यं. आणि तिच्या स्वतःच्या कानांना ती शिळी लागली. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अगं, हे तिने सांगितलंच की आत्ता."

बैठक संपल्यावर शाळेचे अधीक्षक मकेब लगबगीने आले आणि नेव्हाच्या अंगावरून पुढे जात म्हणाले, "मिसेस व्हिटन, हे जरा लिहून द्याल का? आपण ठरावच मांडू."

लिहून द्याल का! नेव्हाच्या घरी लिहिलेल्या कागदांनी बुटांचे दोन खोके भरले होते. त्यातला एकही कुणी मागितला नव्हता.

"मिस नेव्हा, झालं ना नीट?" कारिसाने बाहेर आल्यावर विचारलं. गाल लाल, डोळे चमकत होते. "तुमची गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं, म्हटलं तुम्हाला आवडेल न आवडेल."

"छान झालं," नेव्हा म्हणाली. गाडीत बसल्यावर तिने पट्टा इतक्या जोरात लावला की डेलने तिच्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून नेव्हाच्या काळजाला जी आग लागली ती विझेना. गावच्या साप्ताहिकात कारिसाचा फोटो आला, वर ठळक अक्षरांत, एका आईची वाचनासाठी लढाई. डेलने नाश्त्याला ते मोठ्याने वाचलं.

"फोटोत दातच फार आहेत," नेव्हा म्हणाली.

"चार-सहा जास्त असतील," डेल म्हणाला. "पण ओळीत आहेत."

पाद्री ब्रदर लॉयल यांनी रविवारी कारिसाला पुढे बोलावून दोन शब्द बोलायला सांगितलं. नेव्हा गायनाच्या रांगेत उभी होती, तिथून तिला कारिसाची फक्त मान दिसत होती, आणि त्या मानेचाही तिला राग आला. बुधवारच्या जेवणाला कारिसाने दुकानातला पाव पिशवीतून तसाच टोपलीत ओतला, ते नेव्हाने चार बायकांना सांगितलं, अगदी काळजीच्या सुरात. "चार लेकरं आहेत बिचारीला, वेळ कुठला!" गुरुवारी ओव्हन लागायचा बंद झाला. कधी डोकं दुखे, कधी दंतवैद्य असे.

नेव्हा रोज पहाटे उठून प्रार्थना करायची. तिची यादी ठरलेली होती. आजारी माणसं, मग घरची, मग गावची, मग राज्यकर्ते. कारिसाच्या नावापाशी आली की गाडी थांबायची. "प्रभू, कारिसाला आशीर्वाद दे," असं ती म्हणायला जायची, आणि तोंडून निघायचं, "प्रभू, तिला जरा नम्रता दे." मग तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाज वाटली की पुन्हा राग यायचा, कारण ही लाजसुद्धा त्या पोरीमुळेच.

ऑक्टोबरच्या बैठकीत ठराव मतदानाला येणार होता. नेव्हाचीच तीन कलमं, कारिसाने टाइप केलेली. पाचांतले दोघे बाजूने, दोघे विरुद्ध होते. विरुद्ध असलेल्यांचं म्हणणं, तिसरीत मागे ठेवलं की पोर खचतं, आणि बाहेरून आलेल्यांनी आमच्या शिक्षकांना शिकवू नये. पाचवा ओटिस पेल्फ्री, टायरच्या दुकानाचा मालक, नेव्हाचा वर्गमित्र. तो कुठेच झुकत नव्हता. मतदानाच्या बैठकीत दोन्ही बाजूंची तीन-तीनच कार्डं घेत. बाजूने तिघी बोलणार होत्या: पहिलीच्या वर्गाच्या मिसेस फ्राय, कारिसा आणि नेव्हा.

आदल्या शुक्रवारी कारिसा दारात उभी राहिली.

"मिस नेव्हा, एक मागायला आलेय. ओटिस म्हणतो, गोष्टी नकोत, आकडे दाखवा. मी शेजारच्या सहा शाळांचे आकडे काढलेत, ज्यांनी ही पद्धत परत आणली त्यांचे. ते तीन मिनिटांत बसत नाहीत. सहा लागतात."

"मग?"

"तुमची मिनिटं मला द्याल का?"

नेव्हा हात पुसत राहिली, हात कोरडे होते तरी. तेवीस वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली त्या दिवशी तिने गप्प बसायचं, आणि हिने बोलायचं.

"मिसेस फ्रायना विचारलंस?"

"त्या शिक्षिका आहेत, त्यांचं बोलणं लागणारच. तुमचं म्हणणं तर सगळ्यांना..." कारिसा थांबली.

"पाठ आहे," नेव्हाने वाक्य पुरं केलं. "बघते मी."

सोमवारी साडेपाचला तिने पिवळं कार्ड भरलं. मागची बाजू कोरीच ठेवून वांडाकडे दिलं. कारिसाने ते पाहिलं.

मिसेस फ्राय बोलल्या. विरोधातले बोलले. मग कारिसा. ती आकडे सांगू लागली तसा ओटिस पेल्फ्री पहिल्यांदाच पुढे वाकला आणि त्याने खिशातून पेन काढलं. दोन शाळांचे आकडे झाले, तिसऱ्या शाळेचे अर्धे झाले, आणि घड्याळ वाजलं. कारिसा माइकवरून परतताना नेव्हाजवळ थांबली, हातातला कागद तिला दिला आणि अगदी हळू म्हणाली, "एवढंच वाचा. प्लीज."

नेव्हा माइकपाशी गेली. तिने तो कागद समोरच्या स्टँडवर पालथा ठेवला.

"मी इथे तेवीस वर्षं येतेय," ती म्हणाली. आज तिच्या हातात स्वतःचाही कागद नव्हता. "बर्फात आलेय, पावसात आलेय. तेव्हा इथे टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, आणि वर्तमानपत्रवालेही नव्हते. शाळा या गावाची आहे. माझी लेक या शाळेत शिकली, मी शिकले, माझी आई शिकली. ज्यांची लेकरं या शाळेची पायरीसुद्धा चढत नाहीत, त्यांनी येऊन आम्हाला सांगायचं शाळा कशी चालवा? स्वतःच्या पोरांना जी शाळा नको, तिचे नियम यांना कशाला हवेत?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवीस वर्षांत नेव्हाला पहिल्यांदाच टाळ्या मिळाल्या. ती चमकून वळली, आणि टाळ्या कुठल्या बाकांवरून येताहेत ते तिने पाहिलं. ठरावाच्या विरोधातली सगळी माणसं उभी राहिली होती. तिच्या बाजूची माणसं मांडीवर हात ठेवून बसली होती. मिसेस फ्राय जमिनीकडे बघत होत्या.

तिची दीड मिनिटं उरली होती. तिला काहीतरी सावरून घ्यायचं होतं, तिने तोंडही उघडलं. पण तो पालथा कागद तेवढा उचलून ती खाली बसली.

ओटिसने पेन खिशात टाकलं. "यांचंच आपसात जमेना," तो म्हणाला, "तर मी कशाला घाई करू? पुढच्या महिन्यावर टाका." आणि ठराव पुढच्या महिन्यावर गेला.

बाहेर कारिसा मुलांना व्हॅनमध्ये बसवत होती. थोरला पुढच्या सीटवर, खिडकीकडे तोंड करून. नेव्हाला पाहून कारिसाने त्याच्या बाजूचं दार लावलं आणि म्हणाली, "ती पायरी तो का चढत नाही ते या गावात फक्त तुम्हाला माहीत होतं, मिस नेव्हा." तिचा आवाज चढला नव्हता. ती निघून गेली.

घरी अंगणात गाडी बंद केल्यावर डेल म्हणाला, "टाळ्या तर मिळाल्या."

"गप्प बस, डेल."

"बसतो."

तो आठवडा वाईट गेला. किराणा दुकानात विरोधी गटातल्या बायका तिला मिठ्या मारू लागल्या. एकीने केळ्याचा केक आणून दिला. "नेव्हा, तू त्या लिटल रॉकवालीला बरी जागा दाखवलीस! आणि ते आवाजबिवाज जाऊ दे गं, आजकाल मुलं फोनवर बघूनच शिकतात." नेव्हाने केक टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. ज्या गोष्टीसाठी तिने इतकी वर्षं घालवली, ती तिने स्वतःच्या हाताने, भर सभेत, दीड मिनिटात गाडून टाकली होती. आणि का? तर एका पोरीच्या तोंडून ती जास्त चांगली ऐकू आली म्हणून.

शनिवारी पहाटे ती प्रार्थनेला बसली आणि या वेळी यादी काढलीच नाही. "प्रभू, मी जळते," एवढंच म्हणाली. उत्तर आलं नाही, पण डोक्यात एक पत्ता आला, आणि तो तिला मुळीच नको होता. नऊ वाजता ती ओटिस पेल्फ्रीच्या दुकानात गेली.

ओटिस एका ट्रकखाली होता. फक्त बूट दिसत होते.

"ओटिस, बाहेर ये."

"नेव्हा? टायर बसलाय का?"

"मी बसलेय. बाहेर ये."

तो सरपटत बाहेर आला आणि चिंधीला हात पुसत उभा राहिला. नेव्हा पर्स पोटाशी धरून होती.

"मी सोमवारी जे बोलले ते जळून बोलले," ती म्हणाली. "मला त्या मुलीचा हेवा वाटतो. तिच्या केसांपासून बोलण्यापर्यंत सगळ्याचा. ते तू मतात धरू नकोस."

"ते मला कळलं होतं."

"कळलं होतं?"

"अख्ख्या हॉलला कळलं होतं. वांडाने तर तिथेच मान हलवली."

नेव्हाचा चेहरा लालबुंद झाला. "मग पुढे कशाला ढकललंस?"

"कारण तू जळून बोललीस, पण खोटं नाही बोललीस." ओटिसने चिंधी खांद्यावर टाकली. "तिची पोरं इथे नाहीत, हे मलाही खुपतं. उद्या हे जमलं नाही तर तिचं काय जाणार? आपली पोरं मागे राहणार."

कारिसाच्या थोरल्याची गोष्ट नेव्हाच्या तोंडाशी आली होती. ती सांगितली असती तर ओटिस तिथल्या तिथे विरघळला असता. पण ती सांगायची गोष्ट तिची नव्हती, आणि दुसऱ्याची गोष्ट सांगितली की काय होतं ते तिला आता चांगलं माहीत होतं.

"ओटिस, ठराव तिचा आहे असं तुला कुणी सांगितलं? तेवीस वर्षं तू त्या टेबलाशी बसून काय ऐकत होतास? तेच आहे ते. कलमन् कलम माझं आहे. मी कुठे जाणार आहे? बिघडलं तर माझ्या दारात ये आणि मला जाब विचार."

ओटिसने डोकं खाजवलं. "खरं सांगू? तुझ्या तीन मिनिटांत मी दर वेळी मनातल्या मनात टायरची ऑर्डर लावायचो."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर म्हणते, तिचं ऐक. आकडे तिच्याकडे आहेत. सहा मिनिटं लागतात."

"सहा मिनिटं ती आणणार कुठून?"

नेव्हाने पर्स दुसऱ्या हातात घेतली. "माझी देईन," ती म्हणाली. हे बोलताना तिला दाढ उपटल्यासारखं झालं.

तिथून ती तडक कारिसाकडे गेली, कारण एकदा घरी गेली असती तर पुन्हा निघाली नसती. दारातच म्हणाली, "माझं चुकलं. मी तुझ्यावर जळत होते. मिनिटं तुझी." कारिसाने तिला घट्ट मिठी मारली, रडली, आणि म्हणाली की तिने तर त्याच रात्री माफ केलं होतं. त्याच रात्री! नेव्हाला पाच दिवस लागले होते नुसतं तोंड उघडायला, आणि ही माफसुद्धा आपल्या आधी करून मोकळी झाली. नेव्हा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली आणि मनात म्हणाली, प्रभू, हिला एकतरी वाईट सवय दे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी नेव्हाने पिवळं कार्ड भरलं, उलटं केलं आणि मागे कारिसाचं नाव लिहिलं. वांडाने ते दोनदा वाचलं.

"नेव्हा, बरी आहेस ना?"

"तू घड्याळाकडे बघ."

कारिसा सहा मिनिटं बोलली. सहा शाळांचे आकडे, आधीचे आणि नंतरचे, एकेक करून. नेव्हा बुटक्या बाकावर हात बांधून बसली होती. अधूनमधून तिचे ओठ हलत, आणि डेल कोपराने तिला हळूच ढोसत होता. शेवटी कारिसाने आभार मानले, अधीक्षक मकेब यांचे, मिसेस फ्रायचे, ब्रदर लॉयलचे, आणि मिस नेव्हा टॅकेट यांचे, ज्यांनी मला हे सगळं शिकवलं. लोकांनी वळून पाहिलं. नेव्हाने मान तुकवली. चौथं नाव, तिने मोजलं होतं.

मत पडलं. ओटिस पेल्फ्रीने हात वर केला तेव्हा त्याने टेबलामागून नेव्हाकडे पाहिलं, कारिसाकडे नाही. तीन विरुद्ध दोन. पुढच्या वर्षीच्या पहिलीपासून मुलांना आधी आवाज शिकवणार, तिसरीत वाचता आल्याशिवाय पुढे पाठवणार नाही, आणि पुस्तकं आठवडाभर ग्रंथालयात मांडून ठेवणार.

या दिवशी आपण रडू असं नेव्हाला नेहमी वाटायचं. ती उठून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागली, मनापासून, तळहात दुखेपर्यंत. बायका कारिसाभोवती गोळा झाल्या होत्या. मिसेस फ्राय नेव्हापाशी आल्या आणि तिचा दंड दाबून गेल्या.

गाडीत बसल्यावर नेव्हाने डोळे मिटले आणि आभार मानले, पुढच्या वर्षी पहिलीच्या बाकांवर बसतील त्या मुलांसाठी, त्यांची नावंही अजून तिला माहीत नव्हती. ओटिससाठी मानले. मग कारिसासाठी, आणि या वेळी प्रार्थनेची गाडी अडली नाही, नुसती जरा हळू झाली. डेलने इंजिन सुरू केलं.

"डेल," ती डोळे न उघडता म्हणाली, "चौथ्या शाळेचा आकडा ती एक्केचाळीस म्हणाली. कागदावर चव्वेचाळीस होतं. माझ्याकडे आहे तो कागद."

"मग उठून सांगायचंस."

"कशी सांगणार? मिनिटं माझी कुठे होती."